उडालेल्या फायली आणि हरवलेलं पार्टिशन: टेस्टडिस्क व फोटोरेकने परत कसं मिळवायचं

डिस्क लावल्यावर विंडोजने ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा चौकोन दाखवला, तर ‘कॅन्सल’ दाबा. डिस्क मॅनेजमेंटने ‘इनिशियलाइज’ करायचं का विचारलं, तरीही ‘कॅन्सल’. कुणी ‘चेकडिस्क चालवून बघ’ म्हणालं, तर त्यालाही नाही म्हणा. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन. त्याचं काम फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फायलींची नोंद ठेवायची व्यवस्था, सुसंगत करण्याचं आहे. तुमच्या फायली वाचल्या की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि ते दुरुस्ती करताना त्याच डिस्कवर लिहितं. डेटा परत मिळेल की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या तासाभरात ठरतं. कोणतं सॉफ्टवेअर वापरलं हा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणून फाइल गेल्याचं लक्षात आलं की ज्या डिस्कवरून ती गेली, तिच्यावर एकही नवा बाइट लिहू नका. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर ते काढा आणि बाजूची छोटी कळ ‘लॉक’कडे सरकवा. एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवा. सी ड्राइव्हवरची फाइल गेली असेल तर संगणक बंद करा, कारण नुसतं ब्राउझर उघडलं तरी सी ड्राइव्हवर लिखाण चालू असतं. लोक घाबरून पहिली गोष्ट करतात ती म्हणजे रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड करून त्याच ड्राइव्हवर बसवायचं. जी जागा वाचवायची, तिच्यावरच मग ते सॉफ्टवेअर जाऊन बसतं.

रिसायकल बिन, गुगल ड्राइव्हचा ट्रॅश (तिथे ३० दिवस राहतं), वनड्राइव्ह, ईमेलची जोडपत्रं, कुणाला तरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत, हे सगळं आधी बघून घ्या. निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

पुसलं म्हणजे नक्की काय गेलं

फाइल डिलीट केली की डेटा जागेवरच राहतो. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं तरी शेतातलं पीक उभं असतं, तसं. नवा मालक येऊन नांगर फिरवेपर्यंत पीक शाबूत. पण नाव कसं खोडलं जातं, हे फाइल सिस्टिमप्रमाणे बदलतं आणि परत मिळण्याची शक्यताही त्यावरच ठरते.

विंडोजच्या डिस्कवर सहसा असणाऱ्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलची नोंद एमएफटी नावाच्या तक्त्यात असते. डिलीट केल्यावर त्या नोंदीवर ‘वापरात नाही’ एवढीच खूण होते. नाव, तारीख, आकार, डेटा कुठे कुठे ठेवलाय त्याचे पत्ते, सगळं शिल्लक राहतं. म्हणून एनटीएफएसवरून लगेच उडालेली फाइल बऱ्याचदा नावासकट परत येते.

पेनड्राइव्ह आणि लहान कार्डांवरच्या फॅट३२ मध्ये नावाचं पहिलं अक्षर पुसलं जातं आणि तुकड्यांची साखळी शून्य होते. फाइल कुठे सुरू झाली ते कळतं, पुढचे तुकडे कुठे गेले ते कळत नाही. फाइल सलग लिहिलेली असेल तर ठीक, विखुरलेली असेल तर अर्धवट हाती लागते. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये परिस्थिती आणखी कठीण, कारण डिलीट करताना पत्त्यांची नोंदच पुसली जाते.

आता एसएसडीबद्दल (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क), आणि इथे स्पष्ट बोललेलं बरं. विंडोज ७ पासून विंडोज फाइल डिलीट होताच एसएसडीला ‘ही जागा आता नको’ असा ट्रिम नावाचा संदेश पाठवतं. त्यानंतर ती जागा वाचली तर बहुतेक एसएसडी सरळ शून्यं परत देतात, डिलीट होऊन दोन मिनिटं झालेली असोत की दोन महिने. लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून शिफ्ट-डिलीट केलेल्या फायलींसाठी रात्रभर स्कॅन चालवण्यात सहसा अर्थ नसतो. ‘स्थिती उत्तम’ असा हिरवा ठिपका दाखवणारी सॉफ्टवेअर्स इथे फसवतात. नाव आणि आकार एमएफटीतून येतो, पण फाइल उघडली की आत शून्यंच. एसएमआर पद्धतीच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) काही नव्या हार्ड डिस्कही ट्रिम पाळतात. याउलट, फाइल न पुसता पार्टिशनच (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, जसा सी किंवा डी ड्राइव्ह) नाहीसं झालं असेल, तर एसएसडीवरही आशा असते. साधे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांच्यावरचा डेटा सहसा असा लगेच जात नाही.

फॉरमॅटचंही तसंच. एसएसडी सोडली तर ‘क्विक फॉरमॅट’ने फक्त नवा कोरा तक्ता लिहिला जातो. विंडोज व्हिस्टापासून ‘फुल फॉरमॅट’ सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. तो पूर्ण झाला असेल तर या लेखातलं काहीच कामाचं नाही.

अवजारं

मी टेस्टडिस्क आणि फोटोरेक या जोडीवर भर देतोय. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतो, फोटोरेक सुट्या फायली. दोन्ही ख्रिस्तोफ ग्रेनिये यांनी लिहिलेली, जीपीएल या मुक्त परवान्याची, खरोखर फुकट सॉफ्टवेअर्स आहेत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात आणि एकाच डाउनलोडमध्ये (विंडोजसाठी झिप फाइल) एकत्र मिळतात. ‘फुकट’ म्हणवणारी बरीच इतर सॉफ्टवेअर्स तासभर स्कॅन करून तुमच्या फोटोंच्या छोट्या प्रतिमा दाखवतात आणि ‘सेव्ह’ दाबलं की पैसे मागतात. ही जोडी तसं करत नाही. दिसायला मात्र ती जुन्या काळातली आहे: काळी खिडकी, माऊस चालत नाही, बाणाच्या कळा, एंटर, आणि मागे यायला क्यू.

झिप फाइल मूळ संकेतस्थळावरून, म्हणजे सीजीसिक्युरिटीवरून (cgsecurity.org) घ्या. दुसऱ्या संगणकावर किंवा निदान दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवा आणि उलगडा. इन्स्टॉल करायचं काहीच नसतं.

पहिली पायरी: डिस्क आजारी आहे का ते बघा

डिस्कमधून टकटक आवाज येतोय, ती फिरतच नाही, संगणकाला दिसते पण आकार शून्य दाखवते, किंवा ती हातातून पडली होती: यातलं काहीही असेल तर इथेच थांबा. हा बिघाड यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक आहे आणि सॉफ्टवेअर चालवत राहिलात तर वाचनाचं डोकं तबकडीवर ओरखडे काढत राहील. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सुचवला तर हसून सोडून द्या. डेटा महत्त्वाचा असेल तर क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या ठिकाणी द्या. उघड्या टेबलावर डिस्कचं झाकण काढणाऱ्याला देऊ नका.

आवाज वगैरे नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर उघडून ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा: बदललेले सेक्टर, प्रलंबित सेक्टर, दुरुस्त न झालेले सेक्टर. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान कप्पा. शेवटच्या रकान्यातले आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये (९ नंतर ए ते एफ अक्षरं वापरणारी मोजणी) असतात, त्यामुळे अक्षरं दिसली तरी दचकू नका. तिन्ही शून्य असतील तर छान. सी५ शून्याहून जास्त असेल तर पुढची पायरी अजिबात टाळू नका.

दुसरी पायरी: आधी प्रतिमा घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. प्रतिमा म्हणजे संपूर्ण डिस्कची, रिकाम्या जागेसकट, सेक्टर-न्-सेक्टर केलेली एका फायलीतली नक्कल. पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर करायचे, म्हणजे चूक झाली तरी मूळ डिस्क शाबूत राहते. १२८ जीबी कार्डासाठी १२८ जीबी मोकळी जागा लागेल, १ टीबी डिस्कसाठी १ टीबीहून थोडी जास्त. जिथे प्रतिमा ठेवणार ती डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

डिस्क निरोगी असेल तर विंडोजवर ‘एचडीडी रॉ कॉपी टूल’ पुरतं. आधी स्रोत निवडा, मग लक्ष्य म्हणून फाइल निवडा आणि प्रकार साधा, कॉम्प्रेस न केलेला ठेवा. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर सगळं संपलं, तेव्हा आकार आणि कंपनीचं नाव मोठ्याने वाचून मगच ‘स्टार्ट’ दाबा. वेळेचा अंदाज: यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबी धरले तर १ टीबीला नऊ तासांहून थोडं जास्त, यूएसबी ३ वर १०० एमबी मिळाले तर पावणेतीन तास.

डिस्कवर खराब सेक्टर असतील तर साधं कॉपी टूल त्यांच्यावर अडून बसतं आणि डिस्कला आणखी थकवतं. तिथे जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ‘सिस्टिमरेस्क्यू’ नावाचा लिनक्स पेनड्राइव्ह बनवला की त्यात डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क, फोटोरेक तिन्ही तयार मिळतात. डीडीरेस्क्यू आधी सोपे भाग उचलतं, अडलेल्या जागा नकाशाच्या फायलीत लिहून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. ही नकाशा फाइल द्यायला विसरू नका. तीच असल्यामुळे वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत खराब भाग खरवडणं बंद ठेवा, पुनःप्रयत्न दुसऱ्या फेरीत.

कार्ड किंवा पेनड्राइव्ह निरोगी असेल आणि जागाच नसेल तर एक वेळ प्रतिमेशिवाय फक्त वाचन करता येईल. पण पार्टिशनचा तक्ता लिहिण्याची वेळ आली तर प्रतिमा हवीच.

तिसरी पायरी: टेस्टडिस्क

‘टेस्टडिस्क_विन’वर उजवं क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. प्रतिमेवर काम करायचं असेल तर प्रतिमेची फाइल ओढून टेस्टडिस्कच्या आयकॉनवर सोडा. लॉग फाइलबद्दल विचारेल, ‘क्रिएट’ निवडा. मग डिस्कची यादी येते. ड्राइव्हचं अक्षर बघू नका, आकारावरून पूर्ण डिस्क ओळखा आणि ‘प्रोसीड’.

पुढे पार्टिशनच्या तक्त्याचा (कोणतं पार्टिशन कुठे सुरू होतं त्याची यादी) प्रकार विचारतो. टेस्टडिस्क स्वतः ओळखून त्यावर उभा असतो. ठोस कारण नसेल तर तेच ठेवा. जुन्या डिस्कवर ‘इंटेल’ म्हणजे एमबीआर, नव्यावर ‘ईएफआय जीपीटी’. एमबीआरचा सगळा तक्ता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असतो, चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. तो एक सेक्टर बिघडला की पूर्ण डिस्क ‘रिकामी’ दिसते, म्हणून पार्टिशन गायब होणं दिसायला भयानक आणि दुरुस्तीला बऱ्याचदा सोपं. जीपीटीची तर दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

‘ॲनलाइज’ दाबा, आताचा तक्ता दिसेल. मग ‘क्विक सर्च’. टेस्टडिस्क पूर्ण डिस्कभर पार्टिशनांच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो आणि सापडलेली यादी मांडतो. आता घाई नको. यादीतल्या प्रत्येक पार्टिशनवर जाऊन पी दाबा. आतले फोल्डर दिसले, ओळखीची नावं वाचता आली, तर तेच तुमचं पार्टिशन. ‘फाइल सिस्टिम खराब झाली असावी’ असा संदेश आला तर ती बहुधा जुन्या काळातली, आधी कधीतरी पुसलेल्या पार्टिशनची सावली. फोल्डरांची नावं देवनागरीत असतील तर त्या काळ्या खिडकीत ती नीट उमटतीलच असं नाही. अशा वेळी तारीख आणि आकारावरून ओळखा.

इथे माझा आग्रहाचा सल्ला: फायली दिसल्या की तक्ता दुरुस्त करण्याच्या मोहात पडण्याआधी त्या कॉपी करून घ्या. ए दाबलं की सगळ्या निवडल्या जातात, मोठा सी (शिफ्टसकट) दाबला की त्या कुठे ठेवायच्या ते विचारतो. दुसऱ्या डिस्कवरचा फोल्डर निवडून पुन्हा सी. एवढ्याने काम झालं असेल तर डिस्कवर काहीही लिहिण्याची गरजच नाही.

तरीही पार्टिशन जागेवर बसवायचं असेल, कारण डेटा प्रचंड आहे किंवा ती बूट होणारी डिस्क आहे, तर उजव्या-डाव्या बाणाने प्रत्येक पार्टिशनची खूण ठरवा. एमबीआरवर तारा म्हणजे बूट होणारं, पी प्रायमरी, एल लॉजिकल, डी म्हणजे सोडून द्यायचं. एकमेकांवर येणारी दोन पार्टिशनं एकाच वेळी ठेवता येत नाहीत, त्यातलं फायली दाखवणारं ठेवा. एंटर केल्यावर सगळं बरोबर वाटलं तर ‘राइट’, मग वाय, मग संगणक पुन्हा सुरू करा. काही उणं वाटलं तर ‘डीपर सर्च’, जो बराच जास्त वेळ घेतो आणि जुन्या सावल्याही बऱ्याच दाखवतो.

पार्टिशन दिसतंय पण विंडोज त्याला ‘रॉ’ म्हणतंय, अशी वेळ वेगळी. इथे तक्ता ठीक आहे, बूट सेक्टर (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला पार्टिशनचा पहिला सेक्टर) बिघडलाय. मुख्य मेनूतून ‘ॲडव्हान्स्ड’, पार्टिशन निवडा, ‘बूट’. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, फॅट३२ सुरुवातीपासून सहाव्या सेक्टरवर. वरची प्रत ‘बॅड’ आणि राखीव ‘ओके’ दिसली तर ‘बॅकअप बीएस’ने काम होतं. दोन्ही खराब असतील तर ‘रीबिल्ड बीएस’. लिहिण्याआधी तिथल्या ‘लिस्ट’ने फायली दिसतात का बघा, नाही दिसल्या तर लिहू नका.

एक कारण हमखास विसरलं जातं. एक्स्टर्नल डिस्क तिच्या डबीतून काढून थेट संगणकाला जोडली आणि पार्टिशन नाहीसं झालं, असं घडलं असेल तर आधी ती परत मूळ डबीत घाला. काही डब्यांचा सर्किट बोर्ड ५१२ बाइटांचे सेक्टर ४०९६ बाइटांचे असल्यासारखे दाखवतो, त्यामुळे थेट जोडल्यावर तक्त्यातले सगळे पत्ते चुकीच्या जागी पडतात. काही डब्या तर डेटा स्वतःच एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) करतात. त्यांच्याबाहेर ती डिस्क वाचताच येत नाही.

फक्त काही फायली डिलीट झाल्या असतील, पार्टिशन ठीक असेल, तर ‘ॲडव्हान्स्ड’मधलं ‘अनडिलीट’ वापरा. लाल रंगात पुसलेल्या फायली दिसतात. काळी खिडकी नकोशी वाटत असेल तर विंडोजवर रेकुव्हाची पोर्टेबल आवृत्ती चालेल.

चौथी पायरी: फोटोरेक, शेवटचा उपाय

फोटोरेक फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. तो सेक्टर वाचत जातो आणि फायलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखतो. जेपीईजीची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, पीडीएफची वेगळ्या, नव्या वर्डच्या फाइलची झिपसारखी. अशा ४८०हून जास्त विस्तारांच्या फायली त्याला कळतात. नाव, फोल्डर, बहुतेक वेळा तारीखही जाते आणि विखुरलेल्या मोठ्या व्हिडिओ फायली अर्धवट येतात. म्हणून तो टेस्टडिस्कनंतर. अनेक जण उलटं करतात आणि नावासकट मिळाल्या असत्या अशा हजारो फायली नावाशिवाय घेऊन बसतात.

नवख्यांनी त्याची माऊस चालणारी आवृत्ती, क्यूफोटोरेक, घ्यावी. डिस्क निवडा किंवा प्रतिमेची फाइल जोडा. फाइल सिस्टिमच्या प्रश्नाला विंडोजच्या आणि कॅमेऱ्याच्या डिस्कसाठी दुसरा पर्याय, म्हणजे फॅट, एनटीएफएस वगैरेंचा. नंतर ‘फ्री’ (फक्त मोकळी जागा) की ‘होल’ (पूर्ण पार्टिशन): फायली नुसत्या पुसल्या असतील तर ‘फ्री’, पार्टिशन बिघडलं किंवा फॉरमॅट झालं असेल तर ‘होल’. कोणत्या प्रकारच्या फायली हव्यात ते आधीच मर्यादित करा. लग्नाचे फोटो हवे असतील तर जेपीईजी, तुमच्या कॅमेऱ्याचा रॉ प्रकार आणि व्हिडिओ, बस्स. सगळे प्रकार चालू ठेवलेत तर ब्राउझरची चित्रं आणि सिस्टिमच्या फायली यांच्या ढिगात तुमचं काम हरवेल. साठवण्याची जागा अर्थातच दुसऱ्या डिस्कवर.

काम मध्येच थांबलं तर काळजी नको. फोटोरेक सत्राची नोंद ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं का विचारतो.

शेवटी ‘रेकप_डिर’ नावाचे क्रमांक लावलेले फोल्डर मिळतात, त्यात एफ अक्षर आणि आकडा अशी नावं. तो आकडा म्हणजे फाइल जिथे सापडली तो सेक्टर. टी अक्षराने सुरू होणाऱ्या फायली मोठ्या फोटोंत दडलेल्या छोट्या प्रतिमा असतात, त्या सरळ बाजूला काढा. उरलेल्या फोटोंच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख शाबूत असते. डिजिकॅम किंवा एक्झिफटूल वापरून त्या तारखेप्रमाणे फोल्डर पाडता येतात.

मराठी मजकुराच्या फायलींचा एक खास त्रास आहे. नावं गेलेल्या शेकडो वर्ड फायलींतून हवी ती शोधताना आपण आतला शब्द शोधतो. फाइल युनिकोडमध्ये टाइप केलेली असेल तर ‘करारनामा’ लिहून ती सापडते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर आत प्रत्यक्षात रोमन चिन्हांची खिचडी असते आणि युनिकोडमधला शोध कधीच लागत नाही. अशा वेळी त्याच फॉन्टमधली एखादी जुनी शाबूत फाइल उघडा, तिच्यातला तोच शब्द कॉपी करा आणि शोधाच्या चौकटीत चिकटवा. तिथे तो विचित्र दिसेल, पण जुळेल.

जिथे हे चालत नाही

मोबाइलच्या आतल्या मेमरीवर हा उपाय लागू नाही. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट असते आणि फोन स्वतःला डिस्क म्हणून उघडाच करत नाही. फोनमधलं वेगळं मेमरी कार्ड मात्र काढून कार्ड रीडरमध्ये लावता येतं, ते अंतर्गत साठवण म्हणून जोडलेलं नसेल तर.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं संरक्षण) लावलेल्या डिस्कला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर हे संरक्षण मालकाच्या नकळत चालू असू शकतं. की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, तिथे आधी बघा.

कार्डावर ५१२ जीबी छापलंय आणि ठरावीक टप्प्यानंतरचे सगळे फोटो करडे किंवा कोरे येत आहेत, तर कार्डच खोटं असण्याची शंका घ्या. असं कार्ड जागा संपली तरी लिहिल्याचं नाटक करतं. तिथे जे लिहिलंच गेलं नाही ते कोणतंही सॉफ्टवेअर परत देऊ शकत नाही.

मिळालेल्या फायलींतल्या निदान महत्त्वाच्या उघडून बघा, नुसती यादी पाहून समाधान मानू नका. त्यांची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा आणि मगच मूळ कार्ड किंवा पेनड्राइव्ह पुन्हा वापरात घ्या. त्याआधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवा. ही दोन्ही कार्ड पूर्ण भरून परत वाचतात आणि आकार खरा आहे का ते सांगतात. एकही चूक दाखवली तर ते कार्ड फेकून द्या. सगळं बरोबर आलं तर संगणकावर न करता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून वापरा.